सटवाजी हवालदाराचे काळीज आणि चार शिक्क्यांचे रक्त

श्री. जो सकळांचे हृदयी बसोन दार उघडितो आणि लावितो, आणि या अखंड चाकरीबद्दल कोणा कचेरीचा शिक्का मागत नाही, त्यास आधी दंडवत. शके सतराशे सत्तेचाळीस, पार्थिवनाम संवत्सर, वैशाख मास, ऊन ऐसे की बुरुजावरील तोफेस हात लावता फोड यावा, ते समयी अमुक एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर आणखी चार राज्ये रुसतील, की हे तर आमचेच घडले होते.

त्या राज्यात गडाच्या उत्तर दरवाजाचे राखणदार सटवाजी हवालदार म्हणोन होते. तीस वर्षे रोज पहाटे दरवाजा उघडिला आणि सांजेस लाविला, एक दिवस चुकला नाही, आणि मग त्यांच्याच काळजातील झडप निबर होऊन बसली, रक्त पुढे जावे ते तटू लागले, आणि गडाच्या तीनशे बारा पायऱ्या एका दमात चढणारा मनुष्य दहाव्या पायरीस बसकण मारू लागला. मग पायथ्याच्या रुग्णशाळेतील वैद्यराज गदाधरशास्त्री, शस्त्रकर्मात मोठे निष्णात, यांनी वैशाख शुद्ध पंचमीस हवालदारांची छाती उघडिली, जुनी झडप काढिली, धातूची नवी बसविली आणि छाती शिवली. हवालदार तिसरे प्रहरी शुद्धीवर आले आणि पहिले वाक्य बोलिले की, "आज दरवाजा कुनी उघडला?" छातीस कान लाविला तर आत टिक टिक ऐकू येई. हवालदारांची बायको ठकूबाई, तिने कान लाविला आणि म्हणाली, "दार झ्याक बसलंया." येथवर सर्व यथास्थित जाहले, कारण येथवर दरबाराचा हात लागला नव्हता.

आता अंताजीपंतांचे सांगतो, की ही सगळी डोकेदुखी त्यांच्या कपाळी होती. अंताजीपंत हे राज्याचे रक्तनीस. जैसा चिटणीस चिठ्ठ्या पाहतो तैसा रक्तनीस रक्त पाहतो. पंतांनी बारा वर्षे खपोन ऐसे शोधिले होते की, हृदयावर ताण पडला म्हणजे ते रक्तात एक द्रव्य सोडिते, जैसी गांजलेली रयत सरकारात अर्जी धाडिते. पंत त्या द्रव्यास अर्जीच म्हणत. रक्ताचा थेंब औषधात टाकावा, निळा रंग किती चढतो ते पट्टीवर पाहावे, आणि जो अंक येईल त्यावरून झडप बदललेला मनुष्य बरा होण्याच्या वाटेस आहे की आत काही बिघडते आहे, हे चार दिवस आधी कळावे. अंक चढला तर हृदय कुरकुरते आहे, उतरला तर निवले. परंतु पंत प्रत्येकास बजावीत की, एका अंकावर काही ठरवू नका, रोज पाहा, चढतो की उतरतो ते पाहा, आणि अंकाबरोबर माणूस पाहा. हे शेवटचे कोणी ऐकत नसे. आणि दुसरे ऐसे की ही अर्जी उन्हात विरते. रक्त गार ठेवोन घटकाभरात मोजावे लागते, नाही तर अर्जी जागच्या जागी नाहीशी होते आणि अंक खोटाच लहान येतो. हेही कोणी ऐकत नसे.

आणि यात पंतांचाही एक दोष होता, तो लपवीत नाही. गडावर रक्तखाना, जेथे हे मोजमाप होई, तो स्थापन जाहला तेव्हा दरबारी मंडळी ओळखीच्या वैद्यांकडोन आजाऱ्यास बरा आणि बऱ्यास आजारी लिहोन आणीत. त्याचा पंतांस संताप, म्हणोन त्यांनी कायद्यात स्वहस्ते कलम घातिले की, "अंकापुढे कोणाचेही बोलणे ग्राह्य धरो नये." लिहिताना मोठे समाधान वाटले होते. पुढे तेच कलम त्यांच्या पायात आले, जैसी आपणच टाकलेली केळीची साल आपल्याच पायाखाली यावी.

हवालदारांचा अंक शस्त्रकर्मापूर्वी ऐंशी होता. दुसरे दिवशी पंतांनी स्वतः पायथ्यास उतरोन रक्त घेतले, तो अंक एकशे चाळीस आला. पंत म्हणाले, "छाती उघडली म्हणजे चढणारच. आता रोज उतरला पाहिजे." आणि त्याच दिवशी दिवाणसाहेबांचे कानी गेले की, सरकारी चाकराचे रक्त शिक्क्यावाचून गड चढोन आले. दिवाणसाहेब विचारी पुरुष. त्यांनी विचार केला की, चाकर सरकारचा, तर त्याचे रक्तही सरकारचा ऐवज, आणि ऐवज शिक्क्यावाचून हालतो म्हणजे राज्य बुडाले. मग हुकूम जाहला की, रक्ताची कुपी इतमामाने आणावी, आणि पंतांनी खाना सोडोन खाली जाऊ नये. पुढे शिंगवाला, मागे कुपी, वर छत्री, आणि छत्री कुपीवर नव्हे, कुपी धरणाऱ्या कारकुनावर. पहिल्या कचेरीत रक्त कोणाचे ते लिहावे, दुसरीत तोलावे, तिसरीत बुचावर लाख तापवोन शिक्का उठवावा, आणि चौथीत मागचे तीन शिक्के खरे म्हणोन चौथा उठवावा. प्रत्येक कचेरीत कारकून जेवावयास गेलेला. सकाळी निघालेली कुपी रक्तखान्यात तिसरे प्रहरी पोचे, तव्यावरून उतरविल्यासारखी तापलेली, आणि पंत ती हातात घेऊन कपाळास हात लावीत.

पंतांनी अर्ज केला की, ऐशाने अंक फसेल. जबाब आला की, अर्ज चार शिक्क्यांनिशी यावा. तो तैसा धाडिला, आणि तो या बखरीच्या लेखनापर्यंत तिसऱ्या कचेरीत आहे.

मग अंक आला साठ. दरबारात शर्करा वाटिली. मग आला तीस. मग सातवे दिवशी आला वीस, आणि दिवाणसाहेब बोलिले, "पंत, तुमच्या विद्येने राज्याचे नाव जाहले. त्रयोदशीस शेजारच्या राज्याचा वकील येतो आहे. त्यासमोर हवालदार तीनशे बारा पायऱ्या चढोन जातील आणि उत्तर दरवाजा स्वहस्ते उघडितील. आमच्या राज्यात रक्त पाहोन भविष्य सांगतात, हे त्यास दिसले पाहिजे." त्रयोदशी म्हणजे नववा दिवस. मध्ये एकच दिवस राहिला होता.

त्याच दिवशी ठकूबाई ताकाचे मडके डोईवर घेऊन गड चढोन आली आणि रक्तखान्याच्या उंबऱ्यावर बसली. पंतांस म्हणाली, "पंत, तुमचा आकडा काय म्हनतो त्ये मला कळत न्हाई. परवा आमचं हवालदार एका उशीवर निजलं. काल दोन लागल्या. आज तीन लावल्यात तरी बसूनच हायती. आडवं झालं की दम लागतोय, खोकला येतोय. आन पाय बघा जाऊन, लोड झाल्यात."

पंत म्हणाले, "वैद्यराजांस सांगितले?"

"सांगितलं की. त्ये म्हनले, अंक उतरलाय, मग दम कसा चढंल? बाई, तुमच्या मनाचा खेळ हाय. आता माझ्या मनाच्या खेळानं त्येंचं पाय सुजलं व्हय?"

हे ऐकोन पंत उठले. हुकूम मोडोन ते तसेच पायथ्यास उतरले. पाहतात तो हवालदार तीन उशांस टेकोन बसलेले, ओठ काळवंडलेले, आणि बोलताना तीन शब्दांस एक दम. पंतांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबिला आणि उचलिला, तो खड्डा तैसाच राहिला. नवी झडप आत इमानाने टिक टिक करीत होती, पण दमलेल्या हृदयास रक्त पुढे लोटवत नव्हते आणि पाणी मागे छातीत तुंबत होते. ऐशा मनुष्याने तीनशे बारा पायऱ्या चढणे म्हणजे शंभराव्या पायरीवर मरणे. पंतांनी हे त्यांस स्पष्ट सांगितले. हवालदार म्हणाले, "हुकूम हाय पंत. चढतो मी. दरवाजा... माझा हाय." ठकूबाई भिंतीकडे तोंड करोन उभी राहिली, आणि पंतांस जो संताप आला तो हवालदारांचा, की वैद्यराजांचा, की दिवाणसाहेबांचा, की त्या कलम लिहिणाऱ्या आपल्याच हाताचा, हे त्यांचे त्यांस ठरविता येईना.

मग पंतांनी वैद्यराजांस गाठिले. वैद्यराज वाईट मनुष्य नव्हे, परंतु त्यांच्यापुढे पन्नास खाटा आणि हाती कायदा. म्हणाले, "पंत, पाणी ओढणारे औषध माझ्याजवळ आहे. पण वीस अंकाच्या मनुष्यास ते दिले आणि काही वावगे जाहले, तर तुमचेच कलम माझी मान धरील. खरा अंक आणा, त्याच घटकेस देतो." पंत म्हणाले, "खरा अंक आणावा कैसा? कुपी तर मिरवत येणार." तेव्हा ठकूबाई म्हणाली, "मिरवायला कुपी लागती नव्हं? रक्त कशाला लागतंय?"

तिने कमरेचा कुंकवाचा करंडा काढिला, चिमूटभर कुंकू वाटीतील पाण्यात कालविले आणि पंतांसमोर धरिले. पंत म्हणाले, "बाई, हे कुंकू आहे." ती म्हणाली, "व्हय, त्येंच्याच नावाचं हाय. लागलं तर लागू द्या." पंत कर्मठ मनुष्य, त्यांचा जीव घुटमळला, पण हात पुढे जाहला.

दुसरे दिवशी सकाळी शिंग वाजले आणि कुंकवाचे पाणी छत्री मिरवीत कचेऱ्यांची वाट चालू लागले. आणि खरे रक्त लहान कुपीत, कुपी गार ताकाच्या मडक्यात, मडके ठकूबाईचे डोईवर, ऐसे चोरवाटेने घटकाभरात रक्तखान्यात पोचले. पहारेकऱ्याने अडविले तर तिने त्यास वरवरचे वाटीभर ताक पाजिले आणि पुढे गेली. पंतांनी थेंब औषधात टाकिला. रंग चढला, चढला, पट्टीच्या टोकास गेला. अंक दोनशे दहा. पंतांनी चिठ्ठी लिहिली, ठकूबाई ती पदरात घेऊन पायऱ्या उतरली, आणि वैद्यराजांनी चिठ्ठी वाचोन त्याच घटकेस औषध दिले. शब्दाचे पक्के निघाले. परंतु औषधास दिवस लागतात, आणि पायऱ्या तर उद्याच चढावयाच्या होत्या.

तिसरे प्रहरी दरबार भरला. पंतांनी उभे राहोन सांगितले, "आजचा अंक दोनशे दहा. हवालदारांस चढविता येणार नाही." दिवाणसाहेब म्हणाले, "काल वीस, आज दोनशे दहा? अंक कधी खोटा बोलत नाही, हे तुमचेच वाक्य. आमच्यासमोर मोजा." आणि शिक्क्यांची कुपी पुढे आली. पंतांनी लाख फोडिली, थेंब औषधात टाकिला. निळा रंग तिळभर चढला नाही. अंक शून्य. दरबारात वाहवा जाहली. दिवाणसाहेबांनी पंतांस शालजोडी मागविली. पंत म्हणाले, "साहेब, हे रक्त नव्हे. हे कुंकवाचे पाणी आहे. मीच भरले. शिक्षा मला करावी, हवालदारांस करू नये."

दिवाणसाहेबांनी कुपी उचलोन शिक्के पाहिले. मग चौथ्या कचेरीचे मुजुमदार यांजकडे पाहिले. मुजुमदार म्हणाले, "पहिला शिक्का म्हणतो की हे सटवाजीचे रक्त. चौथा म्हणतो की मागचे तिन्ही शिक्के खरे. चार शिक्के असता कुंकवाचे पाणी कैसे असेल?" पंत म्हणाले, "वास घेऊन पाहा!" मुजुमदार म्हणाले, "वास दप्तरात चढत नाही." आणि सर्वांनी माना डोलाविल्या. आता या ठिकाणी लिहिणाराने लेखणी ठेवोन दोन घटका अंगणात येरझारा घातिल्या, कारण संताप आवरेना. मग पुन्हा बसोन लिहितो.

पायऱ्या चढविण्याच्या हुकूमनाम्यावर शाई सुकविण्याची वाळू पडणार, इतक्यात ठकूबाई, जी पायथ्याहून परतोन खांबाआड उभी होती, पंतांस म्हणाली, पण सगळ्यांस ऐकू जाईल ऐसी म्हणाली, "पंत, शून्य म्हंजी काळीज कायबी बोलंना झालं, व्हय? जित्या मानसाचं काळीज थोडंतरी कुरकुरतंय की वो."

पंतांनी तिच्याकडे पाहिले. ती डोळे न हालविता उभी होती. पंतांस तिचे म्हणणे समजले, आणि समजताच फार जड गेले, कारण बारा वर्षांत त्यांनी अंकाविषयी एक खोटा शब्द काढिला नव्हता. मग ते हळूच बोलिले, "बाई म्हणते ते खरे आहे, साहेब. धडधाकट मनुष्याचाही अंक पाच ते दहा असतो. हृदय चालते तोवर काही तरी अर्जी येतेच. शून्य अंक..." येथे ते थांबले. "शून्य अंक मयताचा."

दिवाणसाहेबांनी मुजुमदारांस विचारिले, "चार शिक्के खरे?" मुजुमदार म्हणाले, "खरे." "अंक शून्य?" "समक्ष मोजिला." "अंकापुढे कोणाचे बोलणे चालते?" "चालत नाही." मग दिवाणसाहेबांनी सुस्कारा टाकिला आणि बोलिले, "अरेरे. इमानी मनुष्य गेला. मयतास पायऱ्या चढविण्याची या राज्यात वहिवाट नाही. हुकूम रद्द." आणि दप्तरात लिहिले गेले की, सटवाजी हवालदार, वैशाख शुद्ध द्वादशीस तिसरे प्रहरी मयत. कोणी एकाने म्हटले की, मनुष्य धाडोन खाली पाहोन तर यावे. त्यास कलम दाखविले.

मग दप्तरदार ठकूबाईस म्हणाले, "बाई, नवरा मयत लिहिला. आता कपाळाचे कुंकू पुसावे लागेल." ठकूबाईची मान ताठ जाहली. म्हणाली, "दप्तरातलं कुंकू तुमच्या कुपीत हाय, चार शिक्क्यांत. पुसायचं तर त्ये पुसा. ह्ये कपाळावरचं दप्तरात चढल्यालं न्हाई." आणि ताकाचे रिते मडके उचलोन ती पायऱ्या उतरू लागली. पंत मागोमाग गेले. अर्ध्या वाटेवर ती एकाएकी खाली बसली आणि पदरात तोंड घालोन रडली. पंत दोन पायऱ्या वर उभे राहिले. मग ती म्हणाली, "म्या सोत्ता म्हनले पंत, माझ्या तोंडानं." पंत म्हणाले, "मीही म्हणालो, बाई."

त्रयोदशीस वकील आला. त्यास सांगितले की, आमच्या राज्यात रक्त पाहोन मनुष्याचे मरण त्याच्या घरच्यांच्याही आधी कळते. वकील थक्क जाहला आणि ही विद्या आपल्याही राज्यात नेईन म्हणाला. देव त्या राज्याचे रक्षण करो.

इकडे पायथ्यास मयत हवालदारांस औषध लागू पडले. पहिल्या दिवशी इतकी लघवी जाहली की ठकूबाई भांडी रिती करोन थकली. दुसरे दिवशी तीनांच्या दोन उशा जाहल्या. पंत रोज सांजेस उघड उघड खाली येत, कारण मयताचे रक्त सरकारी ऐवज नव्हे आणि त्यास शिक्का लागत नाही. अंक दोनशे दहाचा दीडशे जाहला, मग नव्वद, मग पन्नास, आणि उशा दोनांची एक जाहली, आणि नडगीवर अंगठा दाबिला तर खड्डा भरोन येऊ लागला. पंतांनी आपल्या वहीत अंकाशेजारी नवे घर आखिले आणि त्यात उशा लिहू लागले. बारा वर्षांत हे आपणांस का सुचले नाही, म्हणोन स्वतःवरच चिडले.

वैशाख वद्य तृतीयेस जामदारखान्याचे दोन कारकून हुकूम घेऊन रुग्णशाळेत आले. हुकूम ऐसा की, मयत सटवाजीस दिलेल्या सरकारी उशा तीन, सरकारजमा कराव्या. खाटेवर एक पुरुष पाठ टेकोन, पाय लांब करोन, सपाट निजला होता. त्याने डोळे उघडोन विचारिले, "काय पायजेल?" कारकुनाने हुकूम वाचिला. तो पुरुष एका दमात उठोन बसला, कोपऱ्यात रचलेल्या तिन्ही उशा त्याने स्वहस्ते उचलिल्या आणि कारकुनांच्या हाती देऊन म्हणाला, "घिऊन जावा. मयताला आता लागत न्हाईत." कारकुनांनी उशा मोजिल्या, बरोबर भरल्या, आणि पावतीवर मयताचा अंगठा घेऊन गेले.

एवंच वर्तमान इतकेच. अंक खरा होता, त्यास पोचू दिले नाही. पंत अद्याप रक्तनीस आहेत, आणि ते कलम खोडण्याचा त्यांचा अर्ज तिसऱ्या कचेरीत पहिल्या अर्जाशेजारी आहे. सटवाजी हवालदार दप्तरी आजतागायत मयत आहेत. उत्तर दरवाजा रोज पहाटे वेळेवर उघडतो. कोण उघडितो, याचा दाखला कोठे नाही. जाणिजे.